घरशाळेत भूमितीत अडलेल्या मुलासाठी अभ्यासक्रम कसा निवडावा

घरी शिकणारं चौदा-पंधरा वर्षांचं मूल भूमितीत अडलं की घरात पहिली चर्चा होते ती पुस्तक बदलण्याची. बालभारती सोडून एनसीईआरटी (सीबीएसईत चालणारी पुस्तकं) घ्यावं का, एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) सोपं पडेल का, कुठला व्हिडिओ कोर्स लावावा. ही चर्चा जरा घाईने सुरू होते. नववीच्या एका पुस्तकात अडलेलं मूल नववीच्याच दुसऱ्या पुस्तकात जवळजवळ त्याच जागी अडतं, कारण अडचण त्या पानावर नसतेच. ती दोन-तीन इयत्ता मागे राहून गेलेली असते. म्हणून आधी मूल नेमकं कुठे अडलंय ते शोधा, मग पोचायचं कुठे आहे ते ठरवा, आणि या दोन टोकांना जोडणारं पुस्तक सगळ्यात शेवटी निवडा. पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या, मराठी किंवा सेमी-इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला धरून लिहिलं आहे.

पाऊण तासाची चाचणी

कोरे कागद घ्या, रेघांचे नकोत. रेघा असल्या की मूल त्यांच्याच आधाराने आडव्या बाजू काढतं आणि कमजोरी झाकली जाते. कंपास, पट्टी आणि कोनमापक जवळ ठेवा. कंपासचा सांधा आधी तपासा. तो सैल असेल तर वर्तुळ जिथून सुरू झालं तिथे येऊन मिळत नाही, आणि दोष मुलाच्या हाताला लागतो. ही परीक्षा नाही हे मुलाला स्पष्ट सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण इशारा देऊ नका. पेन्सिल कुठे थांबते तेवढं टिपून ठेवा.

१. ५.३ सेमी लांबीचा रेषाखंड काढ. त्याच्या एका टोकाशी १३०° चा कोन काढ.
२. (कोपऱ्यावर उभा असलेला चौरस काढून दाखवा.) ही कोणती आकृती? कशावरून?
३. प्रत्येक चौरस आयत असतो का? प्रत्येक आयत चौरस असतो का?
४. ∠ब = १२०° असलेला कोणताही △अबक काढ. अ मधून समोरच्या बाजूवर शिरोलंब टाक.
५. नुसतं वाचून आकृती काढ: △कखग मध्ये ∠ख = ९०°, रेख खघ ⊥ कर्ण कग, क–घ–ग.
६. समद्विभुज त्रिकोणाचा शिरःकोन ४०° आहे. पायाचे कोन किती?
७. दोन समांतर रेषांना एक छेदिका छेदते. व्युत्क्रम कोनांची एक जोडी (३क्ष + १०)° आणि (५क्ष − ४०)° आहे. कोन किती अंशांचे?
८. ६ : ९ = क्ष : १२, तर क्ष किती? √७२ सोप्या रूपात लिही.
९. दोन त्रिकोणांत दोन-दोन बाजू आणि एक-एक कोन समान आहेत. ते एकरूप असतीलच का?
१०. △अबक मध्ये अब = अक. ∠ब = ∠क हे सिद्ध कर.
११. ‘चौरसाचे कर्ण समान लांबीचे असतात.’ याचं उलट विधान लिही. ते खरं आहे का?

(सहाव्याचं उत्तर ७०°. सातव्यात क्ष = २५ आणि दोन्ही कोन ८५°. आठव्यात ८ आणि ६√२.)

आता किती उत्तरं बरोबर आली ते मोजू नका. चुका कुठल्या जातीच्या आहेत ते बघा.

पहिल्या प्रश्नात १३०° ऐवजी ५०° चा कोन आला असेल तर कोनमापकावरच्या दोन उलटसुलट मापांपैकी चुकीचं माप वाचलं गेलंय. चौथ्या प्रश्नात पुष्कळ मुलं शिरोलंब ओढूनताणून त्रिकोणाच्या आतच बसवतात, कारण त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक आकृतीत तो आतच होता. विशालकोन त्रिकोणात बाजू कब पुढे वाढवावी लागते आणि लंब बाहेर पडतो. पहिला, दुसरा, चौथा चुकला तर हात आणि डोळा कच्चा आहे. अशा मुलाला प्रमेयांचं कोणतंही पुस्तक दिलं तरी ते चालणार नाही.

तिसरा आणि पाचवा प्रश्न शब्दांचा आहे. पाचव्यात आकृती काढता आली नाही, पण तीच आकृती तुम्ही काढून दिल्यावर मुलाने भराभर गुणधर्म सांगितले, तर अडचण भूमितीची नसून वाचनाची आहे. ‘कर्ण’, ‘लंब’, ‘क–घ–ग’ (म्हणजे घ हा क आणि ग यांच्या मध्ये) या खुणा डोळ्यांसमोरून जातात पण चित्र उभं राहत नाही. इंग्रजीतून मराठीत किंवा मराठीतून इंग्रजीत आलेल्या मुलांमध्ये हे फार दिसतं.

सातव्या प्रश्नात ‘दोन्ही कोन समान’ हे मुलाने सांगितलं आणि ३क्ष + १० = ५क्ष − ४० इथे ते थांबलं, तर त्याची भूमिती ठीक आहे. अडलंय बीजगणित. तसंच आठव्याचं. अशा मुलाला तीन-चार आठवडे एकचल समीकरणं, गुणोत्तर-प्रमाण आणि वर्गमूळ द्या. भूमितीचं पुस्तक आहे तेच राहू द्या. घरचे लोक भूमितीवर ज्याचं खापर फोडतात, त्यातलं बरंचसं खरं तर इथलं असतं.

नववा, दहावा आणि अकरावा प्रश्न तर्काचा आहे. फक्त हेच तीन अडले तर मूल मागे नाही. त्याला सिद्धता लिहायला कोणी शिकवलेलंच नाही.

या पायऱ्यांना शास्त्रीय आधारही आहे. पिएर व्हॅन हिले आणि दिना व्हॅन हिले-गेल्डॉफ या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये आपल्या प्रबंधांतून मांडलं की भूमितीची समज टप्प्यांनी वाढते. आधी आकृती नुसती दिसण्यावरून ओळखता येते, मग तिचे गुणधर्म सांगता येतात, मग एक गुणधर्म दुसऱ्यातून निघतो हे कळतं, आणि मग रीतसर सिद्धता जमते. त्यांच्या म्हणण्यातला घरशाळेच्या कामाचा भाग असा, की वरच्या टप्प्यावरून बोललेलं खालच्या टप्प्यावरच्या मुलापर्यंत पोचत नाही. तिरक्या चौरसाला ‘पतंग’ म्हणून थांबणाऱ्या मुलासमोर समांतरभुज चौकोनाची सिद्धता कितीही सावकाश वाचली तरी ती त्याच्यासाठी परकी भाषाच राहते.

पोचायचं कुठे?

पर्याय बरेच आहेत, पण घरशाळेतल्या मुलाला खरोखर मोकळे असे थोडेच.

राज्य मंडळाची दहावी खाजगी विद्यार्थी म्हणून, म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरून देता येते. त्यासाठी आधीच्या शाळेचा दाखला लागतो, म्हणून कधीच शाळेत न गेलेल्या मुलाच्या घरी ही चौकशी वर्षभर आधी करावी. गणित भाग २, म्हणजे भूमितीचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा. त्यात ‘कृती पूर्ण करा’ हा प्रकार असतो: सिद्धता किंवा उत्तर छापलेलं, मधले चौकोन रिकामे. कच्च्या मुलाला ही मोठी सोय आहे, आणि पुढे दिसेल तशी ती शिकवण्याची उत्तम रीतही आहे.

दुसरा पर्याय एनआयओएसचा. माध्यमिक गणिताचा विषय क्रमांक २११. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात आणि घरून लिहून द्यायच्या टीएमए स्वाध्यायाला २० टक्के वजन असतं. पाच विषयांत उत्तीर्ण व्हावं लागतं, त्यांत किमान एक भाषा हवी. गणित सक्तीचं नाही. ही मोकळीक महत्त्वाची आहे, पण ती पहिल्याच अडचणीला वापरू नका. पुढे विज्ञान शाखा किंवा पॉलिटेक्निक मनात असेल तर गणित ठेवाच.

महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या स्तरांवरही परीक्षा आहेत. ज्या मुलाला मधला टप्पा प्रमाणपत्रासह पार करायचाय त्याला त्या उपयोगी पडतात.

केंब्रिजची आयजीसीएसई (दहावीच्या तोडीची आंतरराष्ट्रीय परीक्षा), गणित ०५८०, हा महागडा पण वेगळ्या प्रकृतीचा पर्याय आहे. तिथे लांब सिद्धता जवळजवळ नाहीत. कोन काढून कारण सांगणं, रूपांतरणं आणि सदिश यांवर भर असतो. ‘कोअर’ आणि ‘एक्स्टेंडेड’ असे दोन स्तर असतात आणि कोअरमध्ये जास्तीत जास्त सी श्रेणी मिळते. इंग्रजीत सहज वाचणारं आणि तर्काच्या लेखनात अडणारं मूल असेल तर हा पर्याय जरूर पाहावा.

परीक्षा दोन वर्षं लांब असेल तर मंडळाचा विचार बाजूला ठेवा आणि फक्त पुस्तक बघा. सगळ्या मंडळांत सुरुवातीची भूमिती तीच आहे.

पुस्तकं खरी कशी आहेत

बालभारतीची मालिका आमच्या मते अडलेल्या मराठी मुलासाठी सगळ्यात भरवशाचा कणा आहे, पण एका अटीवर: ती दहावीपासून न धरता जिथे चाचणी सांगते तिथून धरायची. सातवीचं पुस्तक भौमितिक रचनांनीच सुरू होतं. आठवीच्या पुस्तकात भूमितीची प्रकरणं विखुरलेली आहेत: दुसरं समांतर रेषा व छेदिका, चौथं शिरोलंब व मध्यगा, आठवं चौकोन, तेरावं त्रिकोणांची एकरूपता, सतरावं वर्तुळाच्या जीवा व कंस. यातली पहिली चार प्रकरणं, नववीची भूमिती सुरू करण्याआधीचा अख्खा पूल आहेत. ई-बालभारतीवर पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, पण भूमितीसाठी छापील प्रत घ्या. फोनवर आकृती एका पडद्यावर आणि तिच्याबद्दलचं वाक्य दुसऱ्यावर जातं, आणि एवढ्यानेही कच्चं मूल सुटून जातं.

या मालिकेचे दोष पण माहीत असू द्या. ती शिक्षक वर्गात आहे असं धरून लिहिलेली आहे. एका कल्पनेवर सरावसंचात कधी कधी चार-पाचच उदाहरणं असतात, आणि मागे उत्तरं असतात पण रीत नसते. नववीच्या तिसऱ्या प्रकरणात, त्रिकोणात, करून बघण्याच्या कृतींवरून सिद्धतांवर जी उडी आहे ती मोठी आहे. बहुतेक मुलं तिथेच पडतात. त्या प्रकरणाला चार आठवडे ठेवले तर पुढचं पुष्कळ सोपं जातं.

एनआयओएसचं साहित्य घरी शिकणाऱ्यालाच समोर ठेवून लिहिलेलं आहे. थोडा मजकूर, लगेच प्रश्न आणि धड्याच्या शेवटी त्यांची उत्तरं, अशी त्याची ठेवण आहे. अनेक प्रमेये मोजून, कापून पडताळली जातात आणि सगळ्यांची सिद्धता मागितली जात नाही. हात-डोळा बरा पण तर्क कच्चा असलेल्या मुलाला हे मानवतं. मराठी माध्यम घेण्याआधी दोन धडे उघडून त्यातल्या संज्ञा मुलाच्या ओळखीच्या आहेत का ते ताडून पाहा. बालभारतीत एकरूपतेच्या ‘बाकोबा’ (बाजू-कोन-बाजू), ‘कोबाको’ (कोन-बाजू-कोन) शिकलेल्या मुलासमोर त्याच कसोट्या दुसऱ्या नावाने आल्या तर महिनाभर गोंधळ चालतो.

एनसीईआरटी अडलेल्या मुलाचं पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नये. सोडवून दाखवलेली उदाहरणं कमी आणि स्वाध्याय चढे असतात. शिवाय २०२२-२३ च्या काटछाटीत दहावीतून रचनांचं प्रकरण आणि समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचा भाग गेला. कंपासने शिकणाऱ्या मुलाला ती वजाबाकी चांगलीच जाणवते.

गाईड आणि डायजेस्ट उत्तर तपासायला ठेवा, पालकांच्या कपाटात. ती अभ्यासक्रमाची जागा घेऊ शकत नाहीत, आणि का ते खाली सिद्धतेपाशी दिसेल.

टेबलावरची कसोटी

दोन पुस्तकांत निवड होत नसेल तर परीक्षणं वाचत बसण्यापेक्षा हे करा. दोन्हींतून एकच विषय काढा. त्रिकोणाच्या बाह्यकोनाचं प्रमेय यासाठी उत्तम: लहान आहे, आकृती सोपी आहे, आणि त्यात शब्द (‘दूरस्थ आंतरकोन’), मोजणी आणि तर्क तिन्ही येतात. आज एका पुस्तकातून, परवा दुसऱ्यातून, मुलाला चाळीस मिनिटं एकट्याने बसू द्या. तुम्ही त्याच खोलीत आपलं काम करा.

मग बघा: पहिलं काम हातात येईपर्यंत मुलाला किती वाचावं लागलं? एका पानापेक्षा जास्त मजकूर सलग असेल तर ते पुस्तक या मुलासाठी नाही. आकृती आणि तिच्याबद्दलचं वाक्य समोरासमोर आहे का? त्या एका कल्पनेवर निदान आठ-दहा उदाहरणं आहेत का, नसतील तर तुम्ही अंक बदलून ती बनवू शकाल का? आकृत्या वेगवेगळ्या दिशांना वळवलेल्या आहेत का, की प्रत्येक त्रिकोण पाया खाली ठेवूनच बसलाय? आधीच्या प्रकरणातले प्रश्न मध्ये मध्ये परत येतात का?

शेवटी पुस्तक मिटून मुलाला विचारा, ‘बाह्यकोन म्हणजे काय, काढून दाखव.’ ज्या पुस्तकानंतर मूल बाजू पुढे वाढवून बरोबर कोनावर बोट ठेवतं, ते घ्या. मुलाला कोणतं ‘आवडलं’ याला यानंतरचं स्थान द्या. रंगीत पानं सगळ्यांनाच आवडतात.

एक कणा आणि एकच पूरक, याहून जास्त गोष्टी ठेवू नका. पूरक म्हणून जिओजेब्रा (आकृत्या पडद्यावर काढून ओढून पाहायचं साधन) पुरेसं आहे आणि ते फुकट आहे. वर्तुळावरचा बिंदू त्याच कंसावर ओढत नेला तरी अंतर्लिखित कोन तेवढाच राहतो, हे पडद्यावर जसं पटतं तसं कागदावर पटत नाही. फक्त क्रम पाळा: आधी हाताने तीन आकृत्या काढून कोन मोजायचे, अंदाज वहीत लिहायचा, मग पडद्यावर ओढून पाहायचं. उलट केलं तर मूल पाहतं, मान डोलावतं आणि दुसऱ्या दिवशी काही उरत नाही.

सिद्धता: कागदाच्या दहा पट्ट्या

कोणताही अभ्यासक्रम निवडा, हे तुम्हाला वेगळं घालावंच लागेल, कारण कच्च्या मुलाला पुरेल इतकं ते कुठल्याच पुस्तकात नाही.

समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय घ्या. पक्ष: △अबक मध्ये अब = अक. साध्य: ∠ब = ∠क. रचना: ∠अ चा दुभाजक काढला, तो बाजू बक ला ड मध्ये छेदतो. आता पाच विधानं पांढऱ्या पट्ट्यांवर लिहा:

अब = अक
∠बअड = ∠कअड
अड = अड
△अबड ≅ △अकड
∠ब = ∠क

आणि पाच कारणं पिवळ्या पट्ट्यांवर: पक्ष, रचना, सामाईक बाजू, बाकोबा कसोटी, एकरूप त्रिकोणांचे संगत कोन.

पहिल्या दिवशी पट्ट्या पिसून द्या आणि जोड्या लावून क्रमाने मांडायला सांगा. पहिल्या तीन पट्ट्या कुठल्याही क्रमाने चालतात, शेवटच्या दोन चालत नाहीत. हे मुलाला स्वतःला सापडू द्या. सिद्धतेचा अर्थ त्याला इथे पहिल्यांदा कळतो. दुसऱ्या दिवशी पिवळ्या पट्ट्या काढून घ्या, कारणं त्याने लिहायची. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या काढून पिवळ्या द्या. चौथ्या दिवशी नुसती आकृती. पाचव्या दिवशी त्रिकोण आडवा करा आणि नावं बदला: △पमर, मप = मर, दुभाजक म मधून. पाठांतर केलेलं मूल इथे उघडं पडतं. ते अबक लिहितं किंवा अडून बसतं. गाईडमधून सिद्धता उतरवणाऱ्या मुलांची परीक्षेत नेमकी हीच गत होते: अक्षरं बदलली की प्रमेयच अनोळखी होतं.

एक चूक खास बघा. मूल △अबड ≅ △अडक असं लिहितं. आकृतीत काय बरोबर आहे ते त्याला दिसतंय, पण अक्षरांचा क्रम म्हणजे कोणता बिंदू कोणाशी जुळतो त्याची नोंद, हे त्याला ठाऊक नसतं. ही सवय इथे सुटली नाही तर दहावीत समरूपतेत बाजूंची गुणोत्तरं हमखास चुकतात. उपाय सोपा आहे. एकरूपता लिहिण्याआधी दर वेळी ‘अ↔अ, ब↔क, ड↔ड’ ही ओळ लिहायला लावायची, निदान दोन महिने.

‘बाबाको’ ही कसोटी का नाही, हे नवव्या प्रश्नाचं मूळ कंपासने दाखवा. अब = ६ सेमी घ्या, ∠अ = ३०° करून किरण लांबवर न्या, आणि ब केंद्र धरून ४ सेमी त्रिज्येचा कंस मारा. कंस किरणाला दोन ठिकाणी छेदतो, म्हणून दिलेली मापं तीच असूनही दोन वेगळे त्रिकोण तयार होतात. पाच मिनिटांचं काम आहे आणि मूल ते विसरत नाही.

वेळापत्रक

दिवसाला ४५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. पहिली १० मिनिटं जुन्यातली तीन उदाहरणं, २० मिनिटं नवीन भाग तुमच्यासोबत, १० मिनिटं एकट्याने, शेवटची ५ शब्दांच्या वहीला. या वहीत एका पानावर एक शब्द: त्याची आकृती, आणि तो शब्द जिथे लागू होत नाही अशीही एक आकृती. ‘शिरोलंब’च्या पानावर तीन त्रिकोण हवेत, लंब आत असलेला, बाजूवरच असलेला आणि बाहेर पडलेला, आणि चौथी आकृती मध्यगेची, शेजारी फुली मारून.

पुलाला दहा आठवडे धरा: दोन रचना आणि मापनाचे, दोन समांतर रेषांचे, एक शिरोलंब-मध्यगांचा, दोन चौकोनांचे, तीन एकरूपतेचे. नववीची भूमिती १६ ते १८ आठवडे, दहावीची २२ ते २४. एकूण वर्षभर होतं. सणवार, आजारपण धरून सव्वा वर्ष. राज्य मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि १७ नंबरचा फॉर्म त्याच्या बरेच महिने आधी भरावा लागतो, तेव्हा तारखेपासून मागे मोजत या. आठवडे पुरत नसतील तर परीक्षा पुढे ढकला, पूल गाळू नका.

दहावीचं भाग २ पुस्तकाच्या क्रमानेच न्यायला हवं असं नाही. समरूपता आणि पायथागोरसचं प्रमेय आधी, त्याच ओळीने. मग निर्देशक भूमिती, कारण अंतराचं सूत्र म्हणजे पायथागोरसच, आणि तिथे मुलाला हिशेबाने बरोबर उत्तर मिळण्याचं समाधान लवकर लाभतं. मग त्रिकोणमिती. वर्तुळाचं प्रकरण फार मोठं आहे, ते दोन भागांत तोडा. स्पर्शिकेपर्यंतचा भाग झाला की लगेच स्पर्शिकांच्या रचना, आणि काही दिवसांनी कंस, अंतर्लिखित कोन व चक्रीय चौकोन. महत्त्वमापन शेवटी किंवा कंटाळा आलेल्या आठवड्यात मध्येच. ते बरंचसं स्वतंत्र आहे.

बदलायचं की थांबायचं

दर शुक्रवारी सहा प्रश्न द्या: चार या आठवड्यातले, दोन महिनाभर आधीचे. चार बरोबर आले तर पुढे जा. तीन आले तर तोच भाग आणखी तीन दिवस, नव्या उदाहरणांवर. सलग तीन शुक्रवार दोनच्या वर जात नसेल तर पायरी चुकली आहे, म्हणजे चाचणीतला संबंधित प्रश्न पुन्हा घ्या आणि एक इयत्ता खाली उतरा. पंधरा वर्षांच्या मुलाला सातवीचं पुस्तक हातात धरायला लाज वाटते, आणि ती लाज खरी आहे. तेवढीच पानं छापून वेगळ्या फाईलमध्ये लावा, मुखपृष्ठ नको.

चार आठवड्यांच्या आत पुस्तक बदलू नका. पहिला आठवडा नवेपणाने बरा जातो, दुसरा-तिसरा जड जातो, आणि घरात बहुतेक वेळा नेमकं तेव्हाच नवं पुस्तक येतं. चार आठवड्यांनंतरही शुक्रवारची उत्तरं बरोबर येतात पण मूल पुस्तक उघडायलाच तयार नसतं, तर मात्र बदला. तेव्हा दोष खरोखर मांडणीचा असतो.

आणि एक गोष्ट लांबणीवर टाकू नका. अंक उलटे वाचणं, आकृतीवरून डोळा सारखा निसटणं, डावं-उजवं गोंधळणं, कालचं आज पूर्ण पुसलं जाणं, हे सगळं दोन-तीन महिने रोजच्या सरावानंतरही तसंच असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. अधिकृत प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळ आणि एनआयओएस दोन्हीकडे जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून परीक्षेच्या फॉर्मच्या निदान वर्षभर आधी ते काम सुरू करा आणि तपासणीला जाताना मुलाच्या या चाचण्यांचे मूळ कागद, खाडाखोडीसकट, सोबत न्या.